कावळ्याला दिलेला शब्द

"कोण हाय?"

उंबऱ्यात चपला काढता काढता काकासाहेब थबकला. दाराशी त्याची सासू कडूबाई सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती आणि मान वर करून थेट त्याच्याकडंच बघत होती. दोघांत दोन हातांचंही अंतर नव्हतं. "मी आहे, मामी," तो म्हणाला. कडूबाईनं पदर सावरला आणि विशेष काही घडलं नाही अशा सुरात ती म्हणाली, "तुमी व्हय. डोळ्यांनी तर आता सावलीबिगर काय दिसत न्हाई. आदी तुमी गल्लीच्या तोंडाला आला की वास यायचा. आता वासच येत न्हाई, तर वळखू कसं यावं मानसानं." एवढं बोलून ती पुन्हा सुपाकडं वळली. तिच्या बोटांना खडे बरोबर सापडत होते. काकासाहेबनं चपला भिंतीशी नीट लावल्या आणि तो आत गेला.

आत जाऊन त्यानं सदरा काढला, खुंटीला अडकवता अडकवता थांबला आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्याची बाही नाकाला लावली. धुण्याचा साबण, फायलींची धूळ, थोडा घाम. त्याचा स्वतःचा म्हणावा असा वास कुठं नव्हताच. जन्मतःच नावात साहेब घेऊन आलेला हा माणूस जिल्ह्याच्या कचेरीत तेवीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर कारकुनी करत होता, आणि तेवीस वर्षांत त्याची ओळख काय ती उजव्या हाताच्या दोन पिवळ्या बोटांची आणि त्या वासाची. आता बोटंही पांढरी पडत चालली होती. सिगारेट सोडून तीन महिने आणि चार दिवस झाले होते. सुटली की माणूस मोकळा होतो असं सांगणारे पुष्कळ भेटले होते. त्यांतल्या एकानंही हे सांगितलं नव्हतं की ती सुटत नाही, नुसती लांब उभी राहते आणि दिवसभर बघत बसते. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की हात आपोआप खिशाकडं जायचा. तिथं लवंगा आणि बडीशेप. पाकिटावर पत्ता लिहिताना तालुका चुकायचा, नेवाशाचं पत्र श्रीगोंद्याला निघायचं. जेवण झालं की जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही, आणि भांडण झालं तर तेही अर्धवटच राहायचं. एके दिवशी तर कमालच झाली. बाजारात एक अनोळखी इसम सिगारेट ओढत चालला होता. काकासाहेब त्याच्या मागं मागं, वाऱ्याची बाजू धरून, दिल्ली गेटपर्यंत गेला. तिथं त्या इसमानं वळून विचारलं, "काय पाहिजे?" सेहेचाळीस वर्षांचा, लग्न झालेल्या मुलीचा बाप असलेला माणूस काय सांगणार होता? "काही नाही, माणूस चुकला," असं म्हणून तो परत फिरला आणि घरापर्यंत मान खाली घालून चालत आला.

त्याचे वडील बिडी ओढायचे. कानामागं एक, टोपीत दोन. नगरला नोकरी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात काकासाहेबनं दोन गोष्टी केल्या. धोतर सोडून पायजमा घातला आणि बिडी सोडून सिगारेट धरली. बिडी गावाकडची होती, सिगारेट कचेरीची होती. साहेबाच्या खोलीबाहेर चार कारकून उभे असताना एकाच काडीवर तिघांनी सिगारेटी पेटवाव्यात, हे त्याला फार सुशिक्षितपणाचं वाटायचं. पुढं लग्न झालं, काष्टीची छबू घरात आली. तिनं सिगारेट ओढणारा माणूस इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी नाकातून धूर आला तेव्हा ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की काकासाहेबला राग आला. मग राग गेला आणि तिला हसवण्यासाठी त्यानं पुन्हा नाकातून धूर काढून दाखवला. त्या काळात तो तिच्याशी फारसं बोलायचा नाही. बोलायचं काय असतं बायकोशी, हे त्याला घरात कुणी शिकवलं नव्हतं. पण जेवण झाल्यावर मधल्या खोलीत तो सिगारेट पेटवायचा आणि ती समोर बसून भांडी पुसायची. सिगारेट संपेपर्यंत तो उठायचा नाही. त्या तेवढ्या वेळात ती दिवसभराचं सगळं सांगून टाकायची. नळाला पाणी किती आलं, शेजारणीच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, काष्टीहून कुणी आलं होतं का. तो हूं हूं करायचा. त्यांचा संसार म्हणाल तर त्या धुरातच झाला. सदऱ्याला पडलेली भोकं ती रफू करायची, इतकी बारीक की बोट फिरवलं तरी कळायचं नाही, आणि पाकिटातला चांदीचा कागद नखानं सपाट करून लेकीच्या, राहीच्या, खेळात द्यायची.

तिनं कधी सोडा म्हटलं नव्हतं असं नाही. एकदा म्हटलं होतं. राही तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला डांग्या खोकला झाला होता. "सोडता का?" छबूनं विचारलं, आणि काकासाहेबनं खरंच सोडली. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत त्यानं घराची काय दशा केली हे आता आठवलं तरी त्याला शरम वाटत होती. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं, राही रडली म्हणून तिला दाराबाहेर उभं केलं, जेवण झालं की लगेच उठून खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. दहाव्या दिवशी संध्याकाळी छबू डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली आणि माळीवाड्यातल्या भर चौकात, जिथं घरंदाज बाई थांबत नसे अशा पानाच्या टपरीवर उभी राहून पाकीट घेऊन आली. ते त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "घ्या. नऊ दिस झालं, घरात दुसरंच कुनीतरी वावरतंय. माजा मानूस परत द्या मला." टपरीवाल्यानं ही गोष्ट पुढं वर्षभर गिऱ्हाइकांना सांगितली, आणि काकासाहेबला तिचा फार अभिमान वाटला. तो मात्र त्यानं तिला कधी सांगितला नाही.

आता तिला जाऊन साडेतीन महिने होत आले होते. छातीतली एक झडप नीट मिटत नाही असं डॉक्टर म्हणाले. लहानपणीच्या तापानं असं होतं, पुण्याला नेऊनही आता उपयोग नाही. तिला आडवं पडता यायचं नाही. मागं उशा लावून ती बसून असायची आणि श्वास घ्यायची, नुसता श्वासच घ्यायची. जमिनीतलं पाणी आटल्यावर हापसा मारावा आणि खालून कोरडा आवाज यावा, तसा आवाज तिच्या छातीतून यायचा. तिच्याजवळ धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काकासाहेब ओढायला बाहेर जाऊ लागला, आधी ओट्यावर, मग गल्लीच्या तोंडाला. दवाखान्यात दाखल केल्यावर वॉर्ड पहिल्या मजल्यावर आणि तो खाली कडुलिंबाच्या झाडाखाली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी, तीनच्या सुमाराला, तो लिंबाखाली असतानाच ती गेली. वर तिच्यापाशी कडूबाई एकटी होती. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. "ऐन वेळेला सिगारेट आडवी आली," असं लोक हळहळून म्हणाले. त्यात दोष होता तो सिगारेटीला. काकासाहेबला कुणीच काही म्हटलं नाही.

दहाव्याला सीनेच्या पात्रात पिंड ठेवला. बहात्तरचं साल, पाणी कुठलं असणार? पात्रात वाळू आणि भटजींनी कळशीतून आणलेलं पाणी. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते, पण एक खाली उतरेना. तासभर झाला. उन्हानं माणसांचे डोळे मिटायला लागले. मग रीतीप्रमाणं एकेकानं उठून हात जोडले, कारण गेलेल्याची इच्छा कुठंतरी अडकली असेल तर ती जिवंत माणसानंच सोडवायची असते. छबूचा धाकटा भाऊ आप्पासाहेब काष्टीहून आला होता, तो म्हणाला, "आक्के, आईला मी कदी अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. सोनईहून आलेली राही रडत म्हणाली, "आई, बाबांकडं मी बघीन." तरी नाही. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा काकासाहेबची आत्या गोजरबाई बायकांतून पुढं आली आणि म्हणाली, "आरं, कुनाला कळंना कसं? तिचा जीव ह्येच्या शिग्रेटीत आडाकलाय. ऐन येळंला त्येच तर नडलं." सगळ्यांनी काकासाहेबकडं बघितलं. बघण्यात राग नव्हता. सुटका करून देण्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याला सुटका हवीच होती. तो उठला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "छबू, आजपासून सिगारेट सोडली." त्याच श्वासात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, त्याच्या मनानं दुसरंच वाक्य म्हटलं. मला ओढायची नव्हती गं, तुझ्याजवळ बसवत नव्हतं म्हणून गेलो. आणि एक कावळा बाभळीवरून सुटला, दोन उड्या मारत पिंडापाशी आला आणि त्यानं चोच लावली. मागोमाग बाकीचे उतरले. बायकांनी डोळे पुसले. आप्पासाहेबनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या सगळ्या गर्दीत कडूबाई तेवढी काही बोलली नव्हती, हे त्याला पुष्कळ दिवसांनी आठवलं.

तेव्हापासून काकासाहेब शब्दाचा पक्का म्हणून प्रसिद्ध झाला होता. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा मोहियोद्दीन, ज्याच्याबरोबर त्यानं वीस वर्षं एका काडीवर सिगारेटी पेटवल्या, तो आता ओढायची वेळ झाली की हळूच उठून मागच्या जिन्यात जायचा. "इथंच ओढ की," काकासाहेब एकदा म्हणाला होता. "नको भाई," मोहियोद्दीन म्हणाला, "तुम्ही मेलेल्या माणसाला जबान दिलीय. तुमच्यासमोर धूर काढला तर गुन्हा मला लागेल." परत आल्यावर त्याच्या कपड्यांना वास असायचा आणि काकासाहेब जरा त्या बाजूला झुकून लिहायचा. लोकांचा आदर घशाखाली उतरत नव्हता. छबूनंच तर टपरीवर जाऊन पाकीट आणून दिलं होतं. मग तिचा जीव सिगारेटीत कसा अडकेल? आणि अडकला नसेल तर कावळा उतरला कशाला? मोठ्यानं म्हटलेल्या वाक्याला, की मनातल्या? मनातल्याला उतरला असेल तर तिनं ऐकलं, आणि ऐकून ती निघून गेली, म्हणजे माफ केलं असं झालं. मोठ्यानं म्हटलेल्याला उतरला असेल तर खरं काय ते तिला कळलंच नाही. लोकांसारखीच तीही सिगारेटीला दोष देऊन गेली. लिंबाखाली काय झालं ते या जगात फक्त त्याला ठाऊक होतं. सिगारेट न ओढून तो रोज ते लपवत होता, आणि लोक त्यालाच निग्रह म्हणत होते. या विचाराशी आला की त्याला सिगारेट इतकी हवीशी व्हायची की दात दुखायचे.

आणि आता कडूबाई जाणार होती. लेकीच्या आजारपणात ती काष्टीहून आली होती, आणि त्यानंतर जावयाला दोन घास करून घालायला म्हणून राहिली होती. जावयाच्या घरी इतके दिवस राहणं तिला मनातून पटत नव्हतं. शनिवारी आप्पासाहेब काही कामानं नगरला येणार होता आणि जाताना तिला एस. टी.नं घेऊन जाणार होता. छबूजवळ शेवटपर्यंत होतं ते हे एकच माणूस. ती गेली की विचारायला कुणी उरणार नव्हतं, आणि सांगायलाही. त्या दिवशी दारात तिनं त्याला ओळखलं नाही आणि काकासाहेबला वाटलं, बरोबरच आहे, तीन महिने या घरात दुसराच कुणी माणूस वावरतो आहे.

शनिवारी त्यानं रजा घेतली. कडूबाईनं दोन लुगडी, पितळी तांब्या आणि छबूची चोळी एका धडप्यात बांधून ठेवली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. काकासाहेब तिच्यासमोर खाली बसला. उजेड त्याच्या पाठीमागून येत होता, त्यामुळं तिला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला ते सोयीचं वाटलं.

"मामी, एक सांगायचंय."

"बोला की."

"त्या दिवशी दवाखान्यात मी खाली गेलो, ते सिगारेट ओढायला नव्हतो गेलो. म्हणजे ओढली, पण त्यासाठी नव्हतो गेलो. तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकवत नव्हता. वाटायचं, बंद तरी व्हावा एकदाचा. म्हणून गेलो. एक संपली, वर यायला निघालो, जिन्यापर्यंत आलो. वरून आवाज ऐकू आला. परत फिरलो, दुसरी पेटवली. अशा चार ओढल्या, मामी. शेवटची तर नुसती हातात जळत होती. नर्स बोलवायला आली तेव्हा मला कळलं होतं, ती कशाला आली ते."

कडूबाईनं बोचक्याची गाठ चाचपली, सोडली आणि पुन्हा बांधली.

"आत्या म्हणाली तिचा जीव सिगारेटीत अडकला, म्हणून मी सोडली. कावळाही शिवला. पण ते खरं नव्हतं, मामी."

"कावळा त्येच्या पोटासाटी उतारतो, जावईबापू," कडूबाई म्हणाली. "दुस्काळाचं पाखरू त्ये. त्येला काय ठावं कुनाचं मन कुटं हाय."

"तिनं काही विचारलं होतं का? माझं?"

प्रश्न तोंडातून गेला आणि तो विचारायला नको होता असं त्याला तेव्हाच वाटलं. कडूबाईचे निळसर पडलेले डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी लागले होते.

"इचारलं की. मी हे कुनाला सांगितलं न्हाई. तुमाला तर सांगनारच न्हवते, पन तुमी समदं सांगितलं, आता माज्या पोटात ठिवून मी काय करू. ती म्हन्ली, आई, हे कुटं गेलं? मी म्हन्लं, शिग्रेट वढाया गेल्यात खाली. तर अशी हासली जरा. म्हन्ली, मग येतीलच आता. येका शिग्रेटीला येळ तो कितीसा लागतो. मला दाराकडं त्वांड करून बसीव. मी बसीवलं. मग बोलली न्हाई काय, दाराकडं बगत व्हती."

रडू येईल असं काकासाहेबला वाटलं, पण आलं नाही. बावीस वर्षं रोज जेवणानंतर त्याच्या सिगारेटीइतका वेळ हाच तिचा हक्काचा वेळ होता, आणि तो किती असतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक संपायला किती वेळ लागतो, दुसरी कधी पेटते, सगळं तिला समजत होतं. पहिली संपली तेव्हा तिनं दाराकडं बघितलं असेल. मग दुसरीचा वेळ झाला असेल. तिसरीलाही तिनं काहीतरी कारण शोधलं असेल त्याच्यासाठी, जिन्यात कुणी भेटलं असेल, काडी भिजली असेल. माफी तिनं त्याला मागूच दिली नव्हती, कारण तो येणार नाही हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आता कुठल्या वाक्यावर कावळा उतरला हा प्रश्नही त्याला पोरकट वाटला. कडूबाई हात पुढं करून त्याचा गुडघा शोधत होती. तो तिला सापडला आणि तिनं त्यावर नुसता हात ठेवला.

दार वाजलं आणि आप्पासाहेब आला. उन्हातून आल्यामुळं त्याचा चेहरा तापलेला होता. तांब्याभर पाणी प्याला, दुष्काळी कामावरच्या खडीचं आणि जनावरांच्या छावणीचं बोलला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "दाजी, गावात तुमचं नाव निघतंय. लोकं म्हन्त्यात, शब्द द्यावा तर काकासाहेबानं. आक्काच्या जिवाला शांती मिळाली ती तुमच्यामुळं." काकासाहेबनं कडूबाईकडं पाहिलं. ती उठून बोचकं काखेत घेत होती. तिनं वर बघितलं नाही.

तिघं ओट्यावर आले. आप्पासाहेबनं सवयीनं खिशातून बिडी काढली, ओठात धरली, आणि लगेच चूक लक्षात येऊन परत ठेवायला लागला. "ऱ्हाऊ द्या. तुमच्यासमोर नको."

"ओढा," काकासाहेब म्हणाला. "मला आता काही होत नाही."

आप्पासाहेबनं त्याच्याकडं कौतुकानं बघितलं आणि काडी ओढली. धूर सरळ काकासाहेबच्या तोंडावर आला. तो वाट बघत उभा राहिला. घशात काही हललं नाही, बोटांत काही हललं नाही. तीन महिने जी तलफ रोज समोर उभी राहत होती ती कुठंच नव्हती. गेली होती. तिच्याबरोबर छबूचं जे काही उरलं होतं तेही गेलं असावं. आप्पासाहेब भरभर झुरके मारत होता. एस. टी. गाठायची होती. त्यानं थोटूक पायरीखाली टाकून चपलेनं विझवलं, तेव्हा कडूबाई अजून दाराशी वाकून, हातानं चाचपत, आपली दुसरी चप्पल शोधत होती.